फाऊची वीज

या जगात काहीही वाया जाऊ नये एवढ्यासाठी देवाने एकच माणूस घडवला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात काढून मामा निवृत्त झाले, पण ते शहर सोडून पुण्याला काही परतले नाहीत. कारण विचाराल तर फुचका. फुचका म्हणजे इथली पाणीपुरी. प्लेट संपली की वर एक फुकट मिळतो, त्याला बंगालीत फाऊ म्हणतात. प्लेटीतले फुचके मामा कर्तव्य म्हणून गिळतात आणि मग मराठी वळणाच्या बंगालीत "दादा, फाऊ कोई?", म्हणजे फाऊ कुठाय, म्हणत हात पुढे करतात. तो शेवटचा मात्र डोळे मिटून खातात.

निवृत्तीनंतर हाच फाऊ त्यांनी विजेत शोधायला घेतला. कुकर तापतो, पंखा थरथरतो, दार आपटतं, सगळीकडे थोडी थोडी वीज सांडते आहे आणि कुणी ती भरून घेत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. एकदा त्यांनी उष्णतेपासून वीज करणारी चकती कुकरच्या झाकणावर बसवली. मोहरीएवढा दिवा लागला आणि भात कच्चा राहिला. मामी भाताबद्दल काही बोलायच्या आत त्यांनी आम्हा सगळ्यांना दिवा बघायला बोलावलं. दाराचा प्रयोग चालू होता तेव्हा तर आल्यागेल्याला ते पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायला लावत.

मामींचं प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानातलं यंत्र ज्या डबीत ठेवून चार्ज होतं, ती डबी प्लगला लावायला त्या विसरत आणि ऐन गप्पांत यंत्र मान टाकी. मग त्या नुसत्या हसत बसत. पुढेपुढे माणसांतच येईनाशा झाल्या. मामांनी ते फार मनाला लावून घेतलं. व्हरांड्यातल्या झोपाळ्याच्या कडीला त्यांनी लोहचुंबक बांधलं, समोर तारेचं वेटोळं ठेवलं आणि त्यातून निघणाऱ्या चिमूटभर विजेवर डबीतली छोटी बॅटरी भरायचं ठरवलं. पहिलं सर्किट मिळालेली सगळी वीज स्वतःच खाऊन बसलं. "पंगत बसायच्या आधी वाढपीच जेवून उठतोय," मामा हताश होऊन म्हणाले. शेवटी बहुतेक वेळ झोपणारं आणि पुरेसं साठलं की क्षणभर उठून बॅटरीत ओतणारं सर्किट त्यांना जमलं. ही युक्ती आपल्याला एका जुन्या साहेबावरून सुचली, असं ते सांगतात.

तेव्हापासून रोज दुपारी दोघं झोपाळ्यावर बसतात. यंत्र डबीत असल्यामुळे मामींना काही ऐकू येत नाही आणि मामा शेजारी बसून त्यांना सर्किट समजावून सांगतात. मामी मान डोलावतात. परवा मामा चहा करायला आत गेले, तेव्हा मी डबीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मामी हळूच म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांना सांगू नका. झोपाळ्याची वीज पुरत नाही. मी रोज सकाळी आठवणीने प्लगला लावते." मग आतल्या दाराकडे बघत म्हणाल्या, "सगळी नोकरी संपेपर्यंत हे कधी असे शेजारी बसले नाहीत. हा माझा फाऊ."

मामा कप घेऊन आले. मामींनी सरकून जागा केली, झोपाळा हलला.

"आज बरीच जमली असेल, नाही?" मामांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "भरपूर."