माझ्या पाठाखालचे गाणे

माझ्या मुलाने कारखान्यातली नोकरी सोडून हार्ड रॉकचा अल्बम करायला घेतला, तो नव्वदच्या दशकाचा आरंभ होता. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहत होतो. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि उरलेल्या वेळी याज्ञिकी करीत असे. अशा घरात विजेवर गर्जणारी गिटार यावी, हे पुष्कळांना विपरीत वाटले. मला तसे वाटले नाही. नाद हा उपासनेचा विषय आहे. त्याने कोणते रूप घ्यावे हे ठरवणारा मी कोण?

तो आणि त्याचे साथीदार जिथे रेकॉर्डिंग करीत, तो स्टुडिओ उल्हासनगरला, एका कापडाच्या दुकानामागे होता. मालक सिंधी गृहस्थ. तोवर त्यांनी भजने आणि लग्नाचे बँड यांचेच रेकॉर्डिंग केलेले. भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. एका रविवारी मुलगा मला ऐकायला घेऊन गेला. मी दाराशी चपला काढू लागलो, तेव्हा ड्रम वाजवणारा बदलापूरचा तरुण म्हणाला, "काका, चपला राहू द्या, आधी कापूस घ्या. कानात घालायला."

"मेरेको भी दो," मालक म्हणाले. "गुरुजी, आपका लडका गाता है तो माइक पीछे सरकता है."

सगळे हसले आणि मुलगा गाऊ लागला. शब्द मराठी होते, वालधुनी नदीच्या रंग बदलणाऱ्या पाण्याविषयीचे. छातीचे हाड थरथरावे असा तो कल्लोळ होता. पण त्यातही मला त्याचा श्वास ऐकू आला. दीर्घ चरण एका दमात पेलण्याची रीत मी त्याला मुंजीनंतर संथा देताना शिकवली होती. तीच त्याने इथे आणली होती.

"श्वास चांगला राखलास," मी म्हणालो.

"अण्णा, मत आत्ता नको. शेवटचं गाणं झाल्यावर द्या. बाकी सगळं त्याच्यासाठीच केलंय. एकाने जरी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली ना, तरी मला पुरे."

त्या शेवटच्या गाण्यात वाद्ये एकेक करून थांबत गेली आणि केवळ त्याचा आवाज उरला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

कॅसेटी तयार झाल्या. काळ्या कव्हरावर लाल अक्षरे. दुकानदारांनी थोड्या ठेवून घेतल्या आणि दिवाळीनंतर धूळ झटकून परत केल्या. "भजन होता तो निकल जाता," एकाने सांगितले. मुलगा घरात बोलेनासा झाला. तेव्हा त्याच्या आईने सुचवले की नव्या कामाचे पहिले फळ देवापुढे ठेवून वाटावे. आम्ही सत्यनारायण घातला आणि प्रत्येकाच्या हाती शिऱ्याच्या द्रोणाबरोबर एक कॅसेट दिली. प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. लोकांनी ती कपाळाला लावून नेली. त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर पुन्हा आशा दिसली.

पुढे चातुर्मासात माझा स्तोत्रपाठ ऐकायला येणारी मंडळी म्हणू लागली की गुरुजींचा आवाज थकत चालला आहे, तो जपून ठेवायला हवा. ती आपापले टेपरेकॉर्डर आणून माझ्यापुढे ठेवीत. मी डोळे मिटून पाठ म्हणत असे.

त्यानंतर बदलापूरला, शिरगावात, एका नव्या घराची वास्तुशांत होती. पूजेचे सामान घेऊन मुलगा माझ्याबरोबर आला होता. होम आटोपल्यावर यजमान म्हणाले, "गुरुजी, या घराला रोज तुमच्याच आवाजाने जाग येणार आहे. ऐका." त्यांनी कॅसेट काढली. कव्हर काळे होते. विकतच्या कॅसेटीवर दुसरे काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला खाचा ठेवलेल्या असतात. त्या खाचा जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवल्या होत्या.

माझा पाठ सुरू झाला. सर्वांनी हात जोडले. मुलानेही जोडले. जेवणाची पाने मांडून होईतो फलश्रुती संपली, थोडी खरखर झाली, आणि एका ओळीच्या मध्येच त्याचा आवाज उमटला. ते शेवटचे गाणे होते.

यजमानांनी घाईने बटण दाबले. "माफ करा, आधीचं राहिलंय थोडं. काय होतं ते आम्ही लावून पाहिलं नाही. पण तुमच्या देवापुढची कॅसेट, पवित्र. मग पाठ तिच्यावरच घेतला. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी तसंच केलंय."

मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, राहिलेलंही पुसून घ्या. टेप चांगली आहे."

उरलेल्या कॅसेटींचे खोके त्याने स्वतःच पुढच्या एकादशीला माझ्या श्रोत्यांपुढे आणून ठेवले. एकही घरी ठेवू नका, असे आम्हाला बजावले. तो पुन्हा कारखान्यात लागला. त्यानंतर मी त्याला गुणगुणतानाही ऐकले नाही. माझा नेम मी मोडला नाही. मात्र पाठ संपल्यावर देवाकडे काय मागायचे, ते मला सुचेनासे झाले.

पुढे कितीतरी वर्षे सकाळी शेजारच्या खिडक्यांतून माझा आवाज येत राहिला. मी अंगणात उभा राहून फलश्रुतीपर्यंत ऐकत असे, आणि मग त्या खरखरीसाठी कान देत असे. पण फलश्रुती संपली की प्रत्येक घरात कोणीतरी नमस्कार करून उठे आणि टेप बंद करी.