आईचा चाकू देव्हाऱ्यात

आमची आई सुईण होती. डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत खाडीच्या कडेने मिठागरांची आणि भातशेतीची जी गावं आहेत, तिथली कितीतरी माणसं तिच्या हातावर जन्मली. तिच्याजवळ एक घडीचा चाकू होता. तिचा बाप मिठाच्या पडावावर खलाशी होता, त्याने तो मुंबईच्या बंदरातून आणलेला. शिंगाची मूठ, बोटाएवढं पातं. त्या चाकूने तिने नाळेशिवाय कधी काही कापलं नाही. साधी सुपारीसुद्धा नाही. प्रत्येक बाळंतपणानंतर ती तो उकळत्या पाण्यात धुवायची, विहिरीजवळच्या दगडावर पाजळायची आणि फडक्यात गुंडाळून कमरेला खोचायची. पाजळून पाजळून पातं मध्ये खोलगट झालं होतं.

हा चाकू आमच्या घरात कधी आत आला नाही. माझा थोरला भाऊ आईला सांगायचा, "आये, तो विटाळाचा चाकू घरात नको." म्हणून तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहायचा. ज्या घरी ती बाळंतपणाला जायची, तिथे तर विचारूच नका. कल्याणात मोठ्या लोकांकडून बैलगाडी यायची तिला न्यायला. आत जायचं मागच्या दाराने. मूल झालं की तिच्या पावलांवरून गोमूत्र शिंपडायचे. प्यायला पाणी वरून ओंजळीत. मी तिच्याबरोबर शिकायला जायची तेव्हा हे सगळं पाहिलं आहे. एकदा भर पावसात अशाच एका घरच्या बाईने सांगितलं, "ती वस्तू बाहेर ठेव आधी." आईने मुकाट्याने चाकू अंगणातल्या दगडावर ठेवला; नाळ कापायच्या वेळेपुरताच तो आत गेला. मी गाडीत बसल्यावर तिला म्हटलं, "तू बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "बाळंतीण सुखरूप हाय ना, मग झालं."

मला ते तेव्हाही पटलं नाही.

आई तापाने गेली. शुद्धीवर होती तेव्हा वहिनीच्या देखत मला म्हणाली, "चाकू तुझा." मी तिचंच काम करत होते, माझ्या सासरच्या गावात बायका मलाच बोलवायच्या, तेव्हा त्यात वाद कसला? मी दिवसकार्य होईपर्यंत थांबले. बाराव्याला माहेरी गेले आणि कोनाड्यात हात घातला, तर कोनाडा रिकामा.

चाकू देव्हाऱ्यात होता. कुलदेवीच्या टाकाशेजारी, तांबड्या फडक्यावर, अर्धवट उघडून ठेवलेला. त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. वर झेंडूचं फूल.

मी भावाला विचारलं, "दादा, हे काय?"

"आयेची खूण हाय. सगळा गाव या चाकूने जन्मला. आता तो देवाच्या जागी."

"तो मला दिलाय तिने. पातं धरून ठेवणारी कमान ढिली झालीये, मूठ तडकलीये. मी कल्याणच्या लोहाराकडून दुरुस्त करून घेणार आहे."

"लोहार काय करील, ठावं हाय ना? घासून टाकील. आयेच्या हाताने झिजलेलं पातं हाय ते, बाय. एकदा घासलं का मग त्यात आयेचं काय उरलं?"

याच बोलण्याने मी अडकले. कारण तेवढं खरं होतं. पात्याचा तो खोलगटपणा म्हणजे आईचा अंगठा, आईचा दगड, आईचं उन्हातलं बसणं. लोहाराच्या सहाणेच्या चाकावर ते सगळं दोन घटकांत गेलं असतं. मी तशीच परतले. वाटेत मात्र संताप संताप झाला. आई जिवंत असताना ज्याला तो चाकू घरात चालत नव्हता, त्याला ती मेल्यावर तिच्या अंगठ्याचा पुळका आला!

पुढे तर तमाशाच झाला. गावातली माणसं लग्नाआधी, शेत पेरायच्या आधी त्या चाकूच्या पाया पडायला येऊ लागली. नारळ, सुपारी, तेल. पोराला ताप आला तर चाकूवरचं कुंकू त्याच्या कपाळाला. आईला ज्यांनी लांबून पाणी घातलं त्या बाया माझ्या भावाच्या ओटीवर बसून डोळ्याला पदर लावत. भाऊ त्यांना आईच्या गोष्टी सांगे. त्यातल्या अर्ध्या त्याच्या मनच्या. आई कशी पुरातून पोहत बाळंतपणाला गेली म्हणे. आईला पोहता येत नव्हतं! एवढं खाडीकाठी राहून ती पाण्याला घाबरायची. मी हे तोंडावर बोलले तेव्हा वहिनीने मला हाताला धरून आत नेलं. "लोकांसमोर नको," म्हणाली.

नाळ कापायला मी बांबूची कामटी तासून काम चालवत होते. दोनदा आणखी मागितला चाकू. दोन्ही वेळा तेच उत्तर.

मग भाची पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. भावाची लाडकी लेक. कळा सकाळी सुरू झाल्या, मला माणूस पाठवून बोलावलं. दुपारी टळटळीत उन्हात मूल झालं, मुलगा, पण नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते आणि रंग बरा नव्हता. वेढे सोडवले, पण नाळ ताबडतोब कापायला हवी होती. माझी कामटी नेमकी चिरफाळली. मी ओरडले, "वयनी, देव्हाऱ्यातला चाकू आण!"

वहिनी दारापर्यंत गेली आणि थबकली. बाहेरून भावाचा आवाज आला.

"तो नाय. त्याला विटाळ होईल."

 मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"देवाचा चाकू हाय. कोयता देतो, थांब."

कोयता आला. मी तो कढत पाण्यात बुडवला आणि नाळ कापली. पोराला उलटं धरून पाठीवर थोपटलं, तेव्हा ते रडलं. भाची सुखरूप, वार पडली, सगळं नीट झालं. मी पोर वहिनीच्या ओटीत दिलं. हात धुतले नाहीत. तशीच रक्ताच्या हातांनी उठले, माजघरातून सरळ देव्हाऱ्याशी गेले आणि चाकू उचलला.

भाऊ किंचाळला. "अगं, हात बघ तुझे!"

"बघ की तूच. आयेचे हात असेच असायचे. पन्नास वर्षं असेच होते. तेव्हा नाय पाया पडलास!"

चाकू उघडायला गेले तर पातं हलेना. तेल, कुंकू, गंज यांचा चिकटा बसून ते अर्ध्यावरच गच्च झालं होतं. नख लावायची खाच भरून गेली होती. एवढी पूजा, आणि कोणी एकदा पुसला नव्हता. मी तो त्याच्या तोंडापुढे धरला. 

भाऊ मागे सरकला. "ने," म्हणाला. "आता तो मना नको. बाटला."

मी घेतला आणि निघाले. विहिरीवर हात धुतले तेव्हा कुठे लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही.

दुसऱ्याच दिवशी कल्याणला गेले. बाजाराच्या टोकाला लोहाराचं दुकान होतं. त्याने चाकू भात्याजवळ धरून उलटापालटा केला. "कमान नवी घालावी लागेल," म्हणाला, "मूठही टिकायची नाही. पातं गंजानं आतून खाल्लंय. घासलं तर निम्मं होईल. असाच ठेवा की आठवण म्हणून."

"नाही," मी म्हटलं. "घासा."

"विचार करून सांगा."

"दोन वर्षं विचारच चाललाय. घासा तुम्ही."

मी समोर बसून राहिले. फिरत्या सहाणेला पातं लागलं की ठिणग्या उडायच्या. पहिल्यांदा कुंकू गेलं, मग गंज गेला, मग तो खोलगट भाग हळूहळू सपाट होत गेला. मला वाटलं होतं की रडू येईल. आला तो रागच. भावाचा, त्या पाया पडणाऱ्या बायांचा, कल्याणच्या त्या बाईचा. लोहाराने चाकूला साध्या लाकडाची मूठ बसवली. हातात घेतला तर परका वाटला. हलका, तोकडा, कमान इतकी कडक की उघडताना नख दुखलं.

भावाने गावभर सांगितलं की बहिणीने आयेची खूण मोडली. दोन घरांनी मला बोलवणं बंद केलं. बाकीच्यांना कळा आल्या की ते येतच राहिले. भाऊ पुढे बोलायला लागला, भाचीच्या पोराला माझ्या मांडीवरही देऊ लागला, पण चाकूचा विषय आमच्यात परत निघाला नाही. मीही काढला नाही. काढला असता तर परत भांडलोच असतो.

त्या नव्या कमानीच्या चाकूने मी पहिलं बाळंतपण केलं ते मोहन्याला, नदीकाठच्या एका घरी. बाई धडधाकट होती, काही अडलं नाही. चाकू उघडताना मात्र माझाच अंगठा कापला गेला. त्या घरच्या म्हातारीने लगबगीने चिंधी बांधली आणि मला ओसरीवर बसवून पितळी तांब्यातून पाणी दिलं, माझ्या हातात तांब्या देऊन. मी पाणी प्यायले आणि मला एकदम आईचाच राग आला.  का गप्प राहिलीस तू? एकदा तरी म्हणायचं होतंस, चाकू बाहेर राहणार असेल तर मीही बाहेर राहते, तुमचं तुम्ही बघा. एकदा तरी. त्यांनी काय केलं असतं? हात जोडून आत नेलं असतं तुला, पुढच्या दाराने.

म्हातारीने विचारलं, "फार दुखतंय का ग?"

"हो," मी म्हटलं, आणि तांब्या तिच्याकडे परत दिला.