अनसाबाईनं बसवलेले गुडघे

मांडवगण फराट्यात कुणाचा पाय मुरगळला, खांदा निखळला, कंबरेत उसण भरली, तर माणूस दवाखान्याच्या दिशेला तोंडच करायचा नाही. सरळ अनसाबाईच्या अंगणात यायचा. आणि अनसाबाई म्हणजे काही साधी बाई नव्हे! कण्हणाऱ्या गड्याला ती आधी चार शब्द सुनवायची, मग पाय हातात घ्यायची. "एवढा बाप्या झालास आन् कोकरावानी बें बें करतोस व्हय रं?" असं म्हणता म्हणता हिसका द्यायची, आणि तो ओरडायच्या आत सांगून मोकळी व्हायची, "बसला. ऊठ, चाल."

ही विद्या तिला सासऱ्याकडून मिळालेली. रखमाजी आप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा वाटेत मेंढराचा पाय मोडला तर डॉक्टर कुठला आणायचा? आप्पा बांबूच्या कामट्या बांधून पाय नीट करायचे आणि नवी सून शेजारी बसून बघायची. पुढं मेंढरं गेली, रानात ऊस आला, आप्पाही गेले. अनसाबाईचा हात मेंढरावरून माणसांवर आला, त्याला आता तीस वर्षं झाली. कुणाकडून तिनं कधी सुपारीचं खांडही घेतलं नाही. हाडामासाची तिला कधी भीती वाटली नाही. भ्याली ती साठीला टेकल्यावर, आणि भ्याली ती अशी की विचारू नका.

त्याचं झालं असं. तिचा एकुलता एक मुलगा महेंद्र रांजणगावच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. बायको मोनिका आणि तो, दोघं कारेगावात खोली घेऊन राहतात. गेल्या दिवाळीनंतर फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो गाडीवरून घरी निघाला होता. वळणावर खडी पडलेली. गाडी घसरली, त्यानं सावरायला पाय टेकवला, तो पाय जागीच रुतला आणि अंग मात्र गर्रकन फिरलं. गुडघ्यात कट् झालं. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा पार भोपळा झाला.

मोनिका म्हणाली, "चला, एक्सरे काढू."

"येडी का खुळी तू?" महेंद्र म्हणाला. "आख्ख्या गावाचे पाय माझी आई बसवती, आन् तिचाच पोरगा दवाखान्यात? लोक तिच्या तोंडात शेण घालतील."

आता यात चूक कुणाची म्हणायची? पोरानं आईची लाज राखली, बस. दुसऱ्या दिवशी त्याला जीपमध्ये घालून मांडवगणला आणलं.

अनसाबाईनं मांडी एका हातात धरली, नडगी दुसऱ्या हातात. नडगी मांडीखालून अलगद पुढं सरकली. तिला बरंच वाटलं. घट्ट झालेला सांधा हटवादी असतो, सुटलेला लवकर बसतो, हा तिचा तीस वर्षांचा हिशेब. तिनं तीनदा ओढला, फिरवला. महेंद्रनं उशी दातांत धरली. मग आंबेहळदीचा लेप, वर पट्टी. पंधरा दिवसांत सूज उतरली, दुखणं थांबलं. "बसला," ती म्हणाली. "जा कामावर. घरात बसून पाय आकडंल."

महेंद्र कामावर गेला. कंपनीच्या बसमधून उतरताना गुडघा पहिल्यांदा सटकला. दुखलं फार नाही, पण पाय आपला नव्हेच असा निघून गेला आणि तो धपकन खाली बसला. मागची पोरं हसली, तोही हसला. पुढच्या महिन्याभरात असं पाच-सहा वेळा झालं. आईला त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही, फोनवर आपलं 'मस्त हाय' म्हणायचा. शेवटी चालू प्रेसशेजारी गुडघा सटकला आणि तोल जाऊन हात साच्याच्या दिशेनं गेला. शेजारच्या बिहारी गड्यानं मागून शर्ट धरून ओढला म्हणून हात वाचला. सुपरवायझरनं सांगितलं, पाय नीट झाल्याचा डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय मशीनला उभं राहायचं नाही.

तेव्हा कुठं मोनिकानं कुणाचं न ऐकता त्याला शिरूरच्या हाडांच्या दवाखान्यात नेलं आणि सासूला फोन केला, "आत्या, तुमी बी या. एमआरआय झालाय. डॉक्टर ऑपरेशन म्हणत्यात."

ऑपरेशन!  बसलेल्या गुडघ्याचं कसलं ऑपरेशन? एसटीत अनसाबाई सगळा वेळ डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या घालत होती. शिव्या थांबल्या की पोराचं फोनवरचं 'मस्त हाय' आठवायचं, म्हणून पुन्हा सुरू करायची.

डॉक्टर तरुण होता, शांत होता. महेंद्रला त्यानं टेबलावर झोपवलं होतं. म्हातारीच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघून तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच हात लावून बघा. एका हातानं मांडी धरा, दुसऱ्यानं नडगी. आता नडगी हळूच वर ओढा. हा चांगला पाय. थांबली ना खट्कन? आता दुसरा."

तिनं दुसरा पाय धरला. नडगी आली, आणि येतच राहिली.

"सरकतीय," ती म्हणाली.

"सरकते, कारण तिला धरून ठेवणारी आतली दोरी तुटलीय. लिगामेंट म्हणतात तिला. ती ओढून बसत नाही, बांधून जुळत नाही. सूज उतरते, दुखणं थांबतं, माणसाला वाटतं बरा झालो. तिथंच घात होतो. मग ढिल्या गुडघ्यावर चालून चालून आतली गादीपण फाटते."

पुढं डॉक्टर बरंच बोलला. मांडीच्या मागची एक शीर काढून तिची नवी दोरी करायची, दुर्बिणीतून हाडांना भोकं पाडून त्यातनं ओवायची, स्क्रूनं आवळायची. अनसाबाईला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. तिची बोटं भाजल्यासारखी झाली होती. ही सरक तिला ओळखीची होती. एकदा नाही, दहादा लागली होती हाताला, कदाचित वीसदा. दर खेपेला ती मनात खूश झाली होती, आणि दर खेपेला म्हणाली होती, बसला, ऊठ, चाल. देवा बिरोबा, किती जणांना म्हटलं? कोण कोण होते ते? आठवायला लागली आणि एकेक पाय डोळ्यांपुढं यायला लागला.  पोराचा पाय जातोय की राहतोय ही एक भीती होतीच. पण ज्या हातावर आयुष्य काढलं, त्याच हातानं काय काय करून ठेवलं असेल, ही भीती कुणाला सांगायची? घरात सांगायची सोय नव्हती, गावात तर नव्हतीच.

ऑपरेशनच्या सकाळी तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि चिमूट घेऊन महेंद्रच्या गुडघ्याकडं हात नेला. नर्स ओरडली, "आजी, पायाला काही लावायचं नाही! जंतू जातील!" अनसाबाईनं हात असा मागं घेतला की भंडारा फरशीवर सांडला. एरवी त्या नर्सला तिनं गाव आठवेल असं सुनावलं असतं. आज वाकून पदरानं भंडारा टिपला. माझा हात लागला की बिघडतं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"आई," स्ट्रेचरवरून महेंद्र म्हणाला. ओठ सुकले होते त्याचे. "मणक्यात इंजेक्शन देत्यात. कमरंखालचं काय कळतच न्हाई म्हणं. परत उठंल ना गं पाय?"

"उठंल की. न उठायला काय झालं?" ती म्हणाली खरं, पण आवाज असा निघाला की पोरगं आणखीच घाबरलं. दार लागलं.

दीड तास गेला, मग दोन. बाकड्यावर सासू-सून शेजारी बसल्या होत्या. आतून कुणाची चप्पल वाजली तरी अनसाबाई दाराकडं बघायची. पाय लुळा पडला तर? आयुष्यभर पोरगं खाटेवर, आणि ही सून काय काय म्हणून ओढणार? एकदाच मोनिका बोलली, तेही समोर बघत. "आत्या, मी पहिल्याच दिशी म्हणलं हुतं, एक्सरे काढू." अनसाबाईला वाटलं, हिनं त्यापेक्षा भांडावं, दोन शिव्या द्याव्यात. पण मोनिकानं पिशवीतली दवाखान्याची बिलं काढून लावायला घेतली.

डॉक्टर बाहेर आला. "दोरी चांगली बसली. संध्याकाळपर्यंत पाय हलवेल. पण गादीचा एक तुकडा काढावा लागला, पार चुरगळला होता. महेंद्र लवकर आला असता तर गादी कदाचित वाचली असती." मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "तो पडल्यामुळं दोरी तुटली, त्याला इलाज नव्हता. पण तसल्या गुडघ्यावर त्याला कामावर जायला सांगितलं कुणी?"

मोनिकानं मान खाली घातली. सांगायचा हक्क तिचा होता, पण तिनं तोंड उघडलं नाही. अनसाबाई नुसती गप्प बसली असती तरी प्रश्न आपोआप मिटला असता.

"म्या," ती म्हणाली. "मी त्याची आई. मीच ओढला, मीच बांधला, आन् बसला म्हणून मीच धाडला."

डॉक्टर रागावला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "आता नऊ महिने जपा त्याला," तो म्हणाला. "आणि एक करा मावशी. यापुढं गुडघा आला की ओढू नका, इकडं पाठवा."

पाठवा म्हणणं सोपं होतं! मला कळत नाही असं भर अंगणात म्हणायचं? मग आजवरच्या माणसांनी काय समजायचं? परतीच्या वाटेवर तिला हाच घोर लागला होता. गावात कुणाचा गुडघाच येऊ नये, असा तिनं बिरोबाला नवसही बोलला.

तिसऱ्याच आठवड्यात गुडघा आला. महेंद्र आईकडं मांडवगणलाच ओसरीवर खाटेवर होता, पायाला लांब पट्टा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायचा व्यायाम चाललेला. वरच्या आळीची पार्वतीबाई आपल्या थोरल्या नातीला रिक्षातून घेऊन आली. पोरगी शिरूरला कॉलेजात कबड्डी खेळते, चढाईत पडली होती. बरोबर शेजारपाजारच्या चार बायकाही आल्या.

"अनसे, बघ बाई," पार्वतीबाई म्हणाली. "कट् करून वाजलं म्हणती."

 सगळ्या अनसाबाईच्या हातांकडं बघत होत्या. तिनं हात पदराखाली घेतले.

"मी न्हाई लावायची हात," ती म्हणाली. "शिरूरला न्या हिला. आजच न्या."

"आता गं? तुझ्यापरीस डॉक्टर का शाना हाय?"

"हाय." अनसाबाईनं ओसरीकडं बोट केलं. "ह्यो बघा माझा पोरगा. ह्याचा म्याच बसवला आन् म्याच नासवला. गुडघ्यातली दोरी तुटली तर माझ्या हाताला कळत न्हाई. तवा बी कळत नव्हतं. मला वाटायचं बसला."

महेंद्रनं टॉवेल दाबायचा थांबवला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण उगाच पदर सारखा करू लागली. पोरीला रिक्षाकडं न्यायला दोघी उठल्या, पण पार्वतीबाई उठली नाही. ती ओट्यावर टेकली आणि तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"मंग माझा गं, अनसे? विहिरीवर पडले हुते तवा तू बसवलास त्यो? सात वर्सं झाली. पायरी उतरताना सटाकतो. मी म्हणलं, वय झालं."

शिरूर सोडल्यापासून अनसाबाई ज्याला भीत होती, ते हेच. वयच झालंय बाई, एवढं म्हटलं असतं तरी पार्वतीबाई हसून उठली असती.  अनसाबाईनं पदरातून हात काढले, एक मांडीवर ठेवला, एक नडगीवर, आणि डॉक्टरनं दाखवली तशी नडगी हळूच ओढली.

"सरकतीय," ती म्हणाली. "तुजाबी सरकतोय, पार्वते. उद्या चल शिरूरला. मी येते संगं."

पार्वतीबाईनं पाय ओढून घेतला आणि लुगडं खाली सोडलं.

"सात वर्सं, अनसे," ती एवढंच म्हणाली आणि पोरीच्या मागं रिक्षाकडं गेली. अनसाबाईचे हात तसेच पुढं राहिले.