चिठ्ठीच्या मागचा हिशोब

डॉक्टरसाहेबांनी माझी बारावीची मार्कशीट वाचलीच नाही. तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं, औषधाच्या चिठ्ठीचा एक कागद ओढला आणि उलटा करून आकडे मांडायला लागले. तीन वर्षांची फी. अमरावतीची खोली. मेस. येणं-जाणं. खाली रेघ. शेजारी लिहिलं, बी.एस्सी. झालेल्या पोरीला लॅबमध्ये पगार किती मिळतो ते.

"एवढं घालून एवढंच. आणि करणार काय? बाटल्याच धुणार ना? मग इथेच धुऊ दे. पगार उद्यापासून."

बाकावरचे पेशंट हसले. त्यांच्यासोबत बाबाही हसले. डॉक्टरचं मला एवढं नाही लागलं. बाबा हसले ते लागलं.

बाबा त्या दवाखान्यात वॉर्डबॉय. हिवरखेडहून अकोल्यात आले तेव्हापासून तिथंच. आमच्या घरात काही ठरवायचं असलं की आधी साहेबांना विचारायचं. भावाला कोणत्या शाळेत टाकायचं, आईचं ऑपरेशन करायचं का, घरावरचे पत्रे बदलायचे का, सगळं. मोठ्या माणसाला विचारलं की चुकत नाही, असं बाबांचं. म्हणून माझी मार्कशीटही तिकडे गेली. मला मायक्रोबायोलॉजी शिकायचं होतं. कॉलेजात एकदा डबक्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात सगळं वळवळत होतं, आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. पण काहून शिकायचं, हे त्या खोलीत मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बाटल्या धुवायला लागले. लघवीच्या, थुंकीच्या. ब्रशनं घासायच्या, उपड्या घालायच्या. त्या वर्षीचे प्रवेश तसेच निघून गेले.

साहेबांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही तिला ताई म्हणायचो. तिनं डॉक्टरकीची परीक्षा दिली, नंबर काही लागला नाही. मग परराज्यातल्या खाजगी कॉलेजात जागा घेतली. घेतली म्हणजे पैसे मोजून घेतली. दवाखान्यात पेढे आले. ताट माझ्या हातात दिलं, सगळ्यांना वाट म्हणाले. मी वाटले. शेवटी साहेबांसमोर आले आणि तोंडातून निघून गेलं.

"साहेब, ताईचा हिशोब कोण्या कागदावर मांडला?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तिचं वेगळं आहे," म्हणाले आणि पेढा उचलला. बाबांनी माझ्या हातातून ताट घेतलं. लहान हाय, साहेब, म्हणाले. मी कमरेला खोचलेले हातमोजे तिथंच काढून ठेवले आणि घरी आले. परत त्या मोरीवर उभी राहिले नाही. बाबांनी बोलणं टाकलं.

पुढच्या जूनला साचवलेल्या पगारातून अमरावतीत ॲडमिशन घेतली. आईनं गोधडी दिली आणि दारापर्यंतच आली. तीन वर्षं सकाळी एका लॅबमध्ये काम केलं. काय काम? बाटल्या धुवायचं. मग कॉलेज. डिग्री झाली, आता त्याच लॅबमध्ये रक्त काढते. आणि पगार? साहेबांनी लिहिला होता तेवढाच हो. बरोबर तेवढाच. तेव्हा बाप्पा, किती रडले मी.

इथं अमरावतीत राजापेठेत पत्र्याची खोली आहे माझी. शनिवारी संध्याकाळी कुलूप उघडून आत गेले की सोमवार सकाळपर्यंत कोणाशी एक शब्द होत नाही. सोमवारी तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते पेशंटला, मूठ आवळा.

मागच्या रविवारी बाबा आले. पहिल्यांदाच. खाटेच्या कडेवर बसले, टोपी काढली नाही. साहेबांचा लॅबवाला सोडून गेला म्हणे. तुझी आठवण काढतात, पगार इथल्यापेक्षा जास्त देतील, घरी राहशील, तुझी माय एकटीच रडत बसते. सगळं एका दमात सांगितलं. मग खाली पाहत म्हणाले, "मार्कशीट घेऊन ये म्हनते साहेब. एक डाव पाहून घेतो म्हनते."

मला जायचं होतं. खोटं काहून बोलू? आईच्या हातची भाकर, घरातला आवाज, सगळं पाहिजे होतं. मी पेटी उघडली, तिन्ही वर्षांच्या मार्कशीट काढल्या आणि बाबांसमोर धरल्या.

"साहेबाले नाही दाखवत, बाबा. तुमी पाहा."

त्यांनी हात पुढे केला नाही.

"मले काय समजते त्यातलं," म्हणाले. उठले. चहा ठेवला होता, तो न घेताच बसस्टँडकडे निघाले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

कागदावरचा तो हिशोब खरा होता. मी तोट्यात आहे. खोलीचं भाडं देऊन हातात काही उरत नाही, आणि आता बाप पण पाठ फिरवून गेला. तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून एम.एस्सी.चा फॉर्म भरून आले. कोणाला विचारलं नाही. यापुढेही विचारणार नाही.