उजव्या बाजूची चंदी

माझा मामा चाळीस वर्षं मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाण्याची चंदी घालायची, ठाण झाडायचं, एवढंच त्यानं जन्मभर केलं. मी मोर्चे काढते, म्हणून माझे फोटो छापून येतात. मामाला त्याच्या गल्लीतसुद्धा कुणी विचारत नाही. याचा मला राग येतो, म्हणून लिहायला बसले.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला मी भर बाजारात एका बग्गीवाल्याला धरलं. त्याच्या घोडीच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. माणसं जमवली, आरडाओरडा केला, त्याला चार लोकांत कसाई म्हटलं आणि घोडी सोडवून मामाकडे आणली. मामाच्या खोलीला लागून दोन घोड्यांचं जुनं ठाण आहे. मध्ये फळी नाही, समोर एकच लांब दगडी गव्हाण.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या छातीभोवती फीत लावली, आकडा वहीत लिहिला आणि मान हलवली. "ऐन कडाक्यात ही बसली तर परत उठायची नाही. तोवर अंग धरलं नाही, तर इंजेक्शन देऊन सोडवू. हाल नकोत."

मला वाटलं होतं, मामा पहिल्या दिवशी पाटीभर दाणा पुढ्यात ओतेल. त्यानं चिमूटभरही दिला नाही. "उपाशी पोटात एकदम दाणा गेला की घोडं मरतं. आधी गवत. तेही थोडं थोडं." डॉक्टरांकडून त्यानं तिच्या दाढांच्या धारा घासून घेतल्या, जंताचं औषध पाजलं. प्यायला कोमट पाणी, अंगावर जाड झूल. दहा-बारा दिवसांनी कोमट पाण्यात भिजवलेले जव सुरू केले, वर चमचाभर तेल, दिवसातून पाच वेळा. रोज सकाळी झुलीखाली हात घालून तो डोळे मिटून बरगड्या चाचपायचा.

मामी दारातून म्हणायची, "माझ्या पानात काय वाढलंय ते चाळीस वर्षांत कधी पाहिलं नाही. घोडीच्या लिदेतले दाणे मात्र मोजतात!"

मामा लिदेतले दाणे खरंच मोजायचा. पचतंय का नाही, ते त्यावरून कळतं.

घोडी खायची, पण निम्मंच. गव्हाणीत जव पसरले की डावीकडचे चाटूनपुसून साफ, उजवीकडचे तसेच. मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी. उभी राहायची तीही ठाणाच्या डाव्या अर्ध्यात. उजवीकडे खूर टाकायची नाही.

"मग सगळं डावीकडेच घाल ना," मी म्हटलं.

मामानं घातलं. तिनं त्या ढिगाचेही दोन भाग केले. डावा खाल्ला, उजवा ठेवला.

एका सकाळी झुलीवर दव गोठलं होतं. डाव्या अंगाला पांढरा थर, आणि उजवीकडून झूल कोरडी. मामानं तिथे तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"ऊब आहे," तो म्हणाला. मग खरारा उचलून कामाला लागला.

मला असली गूढ तोंडं आवडत नाहीत. तिला एकटं वाटत असेल, असं ठरवून मी दूधवाल्याचा म्हातारा घोडा मागून आणला. उजव्या अर्ध्यात बांधायला नेला, तर त्यानं उंबऱ्यावर चारी पाय रोवले. एवढ्या गारठ्यात त्याच्या मानेवरून घाम गळायला लागला. ओढला, ढकलला, शिव्या घातल्या, पण आत गेला नाही. त्यानंतर दोन दिवस घोडीनं तोंडात काडी धरली नाही. फीत दोन बोटं मागे आली.

"महिन्यानं येतो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा अशीच असली, तर मी बॅग उघडणार. मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

ते गेल्यावर मामा उजवीकडचे जव मुठीत घेऊन गव्हाणीच्या काठावर बसला. मग म्हणाला, "ही जोडीतली आहे गं. डाव्या हाताची."

"म्हणजे?"

"बग्गीच्या जोडीला आम्ही एका गव्हाणीत खायला शिकवतो, भांडू नयेत म्हणून. आधी उजव्याला हाक. त्यानं तोंड घातलं की मग डावीनं घालायचं. ही रोज वाट बघते. भूक आवरेनाशी झाली की आपला वाटा खाते, त्याचा ठेवते."

"मग त्याला हाक मार ना!"

"प्रत्येक जोडीची हाक वेगळी असते. मला कुठून ठाऊक? ज्याला चार लोकांत कसाई म्हणालीस, त्याला विचार."

दोन दिवस मी धुसफुसले. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. बग्गीवाला रिकाम्या तबेल्यात चामड्याला तेल लावत होता.

"या ताई. आज एकट्याच? माणसं कुठंयत?"

मी गुमान जोडीच्या हाकेचं विचारलं. त्याचा हात थांबला.

"उजवा गेल्या थंडीत गेला. जुंपलेला असतानाच पडला. पट्टे कापून मोकळं केलं, तरी ही त्याच्याजवळून संध्याकाळपर्यंत हलली नाही. मी उपाशी ठेवली म्हणालात ना? मी फक्त हाक बंद केली. मेलेल्याला कोण हाक मारतं? भीती वाटायची मला."

त्यानं जीभ टाळूला लावून दोनदा टक टक केलं आणि खालच्या सुरात लांब शीळ घातली. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "हाक माराल तर त्याचा वाटाही ठेवा. बोलावून फसवू नका."

मला माफी मागता येत नाही. "बरं," म्हटलं आणि निघाले.

संध्याकाळी मामानं आधी उजवीकडे जव ठेवले, टक टक केलं, शीळ घातली. घोडीचे दोन्ही कान उजवीकडे वळले. गव्हाणीच्या त्या टोकाला वाफ धरली. जव कोमट होते, वाफ धरणारच, असं मी स्वतःला समजावलं. मग घोडीनं मान खाली घातली आणि डावीकडचा दाणा न् दाणा खाल्ला.

तेव्हापासून ती आपला वाटा पुरता संपवू लागली. मामानं तो हळूहळू दुप्पट केला. उजवीकडे मूठभर जव ठेवायचा, तेही पुढच्या वेळेपर्यंत साफ व्हायचे.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"मग एव्हाना मांजराएवढे झाले असतील," मामी म्हणाली, आणि त्या दिवसापासून ठाणात पाय टाकायची बंद झाली.

बरगड्या बुजत आल्या. डॉक्टर यायला चार दिवस उरले आणि मामा तापानं अंथरुणाला खिळला. चंदी घालायचं माझ्याकडे आलं. मी जव दोन्हीकडे पसरले आणि बाजूला झाले. घोडी शिवली नाही. दुपारीही नाही. झुलीखाली हात घातला, तर तिचं अंग थरथरत होतं.

भिंतीपलीकडच्या खोलीतून मामाचा आवाज आला. "हाक मारलीस का?"

"मामा, मी असलं काही मानत नाही."

"तुला मानायला कोण सांगतंय? घोडी उपाशी आहे. आता सवय लागलीय, हाकेशिवाय ती आपला वाटाही खायची नाही. हाक मार."

मी टक टक केलं. पहिली शीळ नुसती फुंकर झाली, दुसरी लागली. घोडीचे कान वळले. मग माझ्या उजव्या कोपराशी ऊब आली आणि पेंढा दबला, एकदा, मग आणखी एकदा, काहीतरी जड अंग सावरून उभं राहावं तसा. मी तिकडे पाहिलं नाही. मोर्च्यात लाठीसमोर उभी राहिले आहे मी, पण मान वळवायची हिंमत झाली नाही. समोर घोडी खात होती, तिच्याच जबड्याकडे बघत राहिले.

चार दिवस, पाच-पाच वेळा, मीच हाक मारली.

डॉक्टरांनी फीत लावली. ओढून पुन्हा लावली. "सहा बोटं भरली," ते म्हणाले. बॅग त्यांनी उघडलीच नाही. "आता टिकवा. थंडी अजून बाकी आहे."

मी धावत मामाला सांगायला गेले. तो घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता. हसला, पाणी प्यायला.

"टिकेल," म्हणाला. "पण शीळ जरा खालच्या सुरात घाल. तू हाक मारतेस तेव्हा तो उशिरा येतो. तोवर तिचं खाणं गार होतं."