ज्योती खिल्लारेची बेचाळीस माणसं

ज्योती खिल्लारे नेमकं काय काम करते, हे हिंगोलीजवळच्या गोरेगावात तिच्या वडिलांनाही सांगता येत नाही. कुणी विचारलं की भीमराज म्हणतात, "कॉम्प्युटरवर रगत तपासती." मग लोक शुगर बघायला दारात उभे राहतात आणि ज्योती चिडते. ती सुई टोचत नाही. पुण्यातल्या एका संस्थेसाठी घरी बसून आकडे तपासते. वय वाढतं तशा माणसाच्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बदलत जातात. रक्तातल्या अशा लाखो खुणांचा हिशेब लावून वय काढायचं, हा तिचा धंदा. आकड्यांवर बाईचा भारी जीव. आईनं "चहा चांगला झाला" म्हटलं, तरी ही विचारणार, किती कपांवरून म्हणतेस?

यंदा तिनं हट्टानं गावातल्या बेचाळीस वयस्क माणसांचे नमुने अभ्यासात घालायला लावले. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन जीपनं स्वतः हिंगोलीला पोचवले. शहरांतल्या लोकांची वयं नोंदीशी तीन-चार वर्षांच्या फरकानं जुळली. गोरेगावची दहा-तेरा वर्षांनी हुकली.

वरिष्ठ साधना मॅडमचा फोन आला. "उन्हानं नमुने खराब झालेत, ज्योती. शुक्रवारी गोरेगाव वगळून टाकू."

आपलंच गाव आपल्याच हातानं वगळायचं, म्हणून ती न्हाणीघरात जाऊन रडली.

दोन दिवस तिनं प्रोग्रामचं डोकं खाल्लं. मग सहज जन्मतारखांचा रकाना बघितला. बेचाळीसपैकी एकतीस जणांचा जन्म एक जानेवारीचा! आधारच्या कॅम्पात ज्याला तारीख ठाऊक नाही त्याला एक जानेवारी, आणि वय ऑपरेटर तोंडाकडे बघून टाकणार. हे गावात कुणाला नवं नव्हतं. भीमराजांचा एक जूनही शाळेच्या मास्तरांनीच ठरवलेला, आणि त्या दिवशी दरवर्षी केक आणणारी हीच. एवढी शिकली, आणि कार्डावर विश्वास ठेवून बसली.

ती तडक त्या एकतीसांतल्या जनकाबाईच्या शेतावर गेली. सोयाबीनची कापणी चालली होती.

"मावशी, तुझं वय किती?"

"आधारवर अठ्ठावन्न हाय."

"खरं सांग."

"आता काय सांगू? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जात होते, तवा संतराम कडेवर होता."

संतराम आज त्रेपन्नचा. म्हणजे कार्डाप्रमाणे आई लेकापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ज्योतीच्या प्रोग्रामनं जनकाबाईचं वय काढलं होतं एकाहत्तर.

तीन दिवस ती घरोघर फिरली. दुष्काळात केवढा होतास, लग्न कधी, पहिलं लेकरू कधी, सगळं विचारून वयं नव्यानं लावली. ही वयं प्रोग्रामच्या आकड्यांशी जुळली. शुक्रवारी साधना मॅडम म्हणाल्या, "ठेव तुझं गाव."

ज्योती धावतच शेतावर गेली. "मावशी, तुझं रगत खरं निघालं! तू एकाहत्तरची हायेस!"

जनकाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एकाहत्तर म्हंजी म्हातारीच ना?"

"व्हय."

"मंग थकले म्हनलं की समदे काहून हसतेत? अठ्ठावन्नची बाई कामचुकारपना करती म्हनतेत."

ज्योतीनं तिच्या हातातून विळा घेतला आणि तिच्या वाट्याची उरलेली पात स्वतः कापायला लागली.

"बुडातून काप, पोरी," जनकाबाई बांधावर बसत म्हणाली.