बोडकं मटण

फौजेत मी स्वयंपाकी होतो आणि त्यातली बहुतेक वर्षं ऑफिसर मेसमध्ये गेली. तिथं मी मटण भाजलं आणि ताटात लिंबाच्या फोडींशेजारी सजावटीला टोमॅटोचे गुलाब केले. नाव झालं ते गुलाबांमुळं. मोठे साहेब यायचे असले की मेसचा हवालदार आधी विचारायचा, गुलाब झाले का? ताट टेबलावर गेलं की सगळे "सुंदर, सुंदर" म्हणायचे. मी दाराशी उभा राहून वाट बघायचो, की आता कुणीतरी मटणाबद्दल एक शब्द बोलेल. चांगलं म्हणा, वातड म्हणा, पण बोला. कुणी बोललं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि तो गिळून मी पुढचा टोमॅटो हातात घ्यायचो.

निवृत्तीनंतर साताऱ्याबाहेर बायकोच्या मदतीनं छोटी खानावळ काढली. एक दिवस मोबाईलवर जाहिरात आली. पाचगणीच्या एका रिसॉर्टवर निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाची स्पर्धा होती. नियम असा, की परीक्षकांकडं जाणाऱ्या डब्यात फक्त मटण. कोथिंबिरीचं पान, कांद्याची चकती, लिंबाची फोड, काहीही दिसलं तर डबा बाद.

मी ते दोनदा वाचलं आणि बायकोला म्हणालो, "ही स्पर्धा माझी आहे."

बायको पलूसची. तिच्या माहेरी पाहुण्यापुढं कांदा-लिंबू नसलेलं ताट गेलं, तर पाहुणा जेवून जाईल पण गावभर सांगेल. खानावळीत ताटं तीच वाढते. माझं मटण ताटात पडायचा अवकाश, की तिचा हात आपसूक लिंबाकडं जातो.

"आवं, असलं बोडकं मटण कुनाम्होरं ठेवायचं?" ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. हाय ती अब्रू घालवू नगासा."

आता फौजी माणसाला एवढं बोलल्यावर तो मागं हटतो होय? मी त्याच संध्याकाळी शेगडी पेटवली.

पहिला डबा उघडून बघितला आणि माझं मलाच कसंसं झालं. एक तुकडा बोटाएवढा, दुसरा मुठीएवढा. एक करपलेला, एक पांढुरका. ह्यावर मूठभर कोथिंबीर टाकली असती तर काही कळलं नसतं. इतकी वर्षं मी हेच झाकत आलो होतो की काय, असं मनात आलं आणि मग मी हट्टालाच पेटलो. मांडीचं मटण धाग्याला आडवं कापायला लागलो. सगळे तुकडे एका मापाचे. निखाऱ्यावर राख धरल्याशिवाय सळई ठेवायची नाही. तुकडा उलटताना चिमटा टोचायचा नाही, नाहीतर रस गळतो. हळूहळू तुकड्यांना एकसारखा तांबूस रंग चढला आणि त्यांच्याच चरबीची लकाकी आली. तुकडा मऊ झाला का, एवढंच मी चाखून बघायचो, चवीची मला काळजी नव्हती. बायको मात्र माझ्यासमोर बसून प्रत्येक तुकड्यावर लिंबू पिळूनच खायची. मी म्हणायचो, एकदा नुसतं खाऊन बघ. ती म्हणायची, "मी काय परीक्षक न्हाई."

स्पर्धेच्या दिवशी ती बरोबर आली, पिशवीत कांदा, लिंबू, कोथिंबीर घेऊन. "असू द्यावं जवळ," म्हणाली. डबा भरून झाला. तिनं तो एकदा बघितला, आणि तिचा हात पिशवीत गेला. मी झाकण लावलं आणि वर तळहात दाबून धरला. डबा घेऊन जाणाऱ्या माणसाकडं ती अशी बघत राहिली, जणू लेक बिनदागिन्याची सासरी निघाली होती.

तीन नंबर पुकारले. आम्ही त्यात नव्हतो.

मला राहवलं नाही. पुण्याहून आलेल्या एका परीक्षकांना गाठून मी विचारलं, "साहेब, काय कमी पडलं?"

ते हसून म्हणाले, "अहो, तुमचा डबा सगळ्यांत देखणा होता! इतके सुबक तुकडे कुणाचेच नव्हते."

नमस्कार करून मी तिथून निघालो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पान नाही, फूल नाही, नुसतं मटण ठेवलं होतं, तरी ह्यांनी त्याचं रूपच बघितलं.

एसटी स्टँडवर वाईची गाडी लागायची होती. बायकोनं उरलेल्या मटणाचा डबा मांडीवर घेतला. भूक लागली होती म्हणा किंवा माझं तोंड बघून म्हणा, तिनं पिशवीला हात न लावता एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"काय?"

"मीठ लय कमी हाय. तुमी कायम लिंबाच्या भरवशावर मीठ घालता. लिंबू पिळलं की भागतं, आज पिळलं न्हाई."

मी एक तुकडा खाल्ला. ती म्हणत होती ते खरं होतं. मटण मऊ होतं, रसाळ होतं, आणि अळणी होतं. मेसमध्ये काय, खानावळीत काय, माझ्या मटणावर लिंबू पडणारच हे माझ्या हाताला इतकं ठाऊक होतं, की मीठ घालताना तो कधीचाच आखडला होता आणि मला पत्ता नव्हता.

स्पर्धा हरलो होतो. पण माझ्या मटणाबद्दल कुणीतरी बोललं होतं, आणि मला आनंद झाला. एवढा, की मी मोठ्यानं हसलो आणि शेजारी बसलेली बाई वळून बघायला लागली.

"पुढच्या वर्षी परत यायचं," मी म्हणालो.

बायकोनं डब्यातला आणखी एक तुकडा उचलला.

"मग उद्यापास्नं मला बिनलिंबाचं वाढा," ती म्हणाली.